न कापलेली पानं: विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांच्या संस्कृत, प्राकृत, भाषाविज्ञान आणि इतिहास या विषयांच्या अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत विषय कुठे बसवायचा ते ठरवायला बरं पडेल. पदव्युत्तर पातळीवर लॅटिनचा एक ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू करावा, दोन सत्रांचा आणि फक्त वाचनापुरता. वेगळा विभाग नको, अध्यासन नको, उद्घाटनाला मंत्री तर अजिबात नकोत. एक वर्गखोली आणि आठवड्याला चार तास पुरे.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एम. ए.ला असताना. विषय संस्कृत, आणि सत्रनिबंध महाराष्ट्री प्राकृतावर, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेवर. जे पुस्तक उघडावं त्याच्या तळटीपेत एक नाव हटकून यायचं: लासेन. क्रिस्टियान लासेन, बॉन, 1837, 'इन्स्टिट्यूटिओनेस लिंग्वे प्राकृतिके', म्हणजे प्राकृत भाषेचं व्याकरण. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात चिठ्ठी भरून दिली. शिपाईकाकांनी धूळ झटकत आणून दिलेलं ते पुस्तक उघडेचना. युरोपात पूर्वी पुस्तकं घडीच्या कागदांसकट शिवून विकायचे. वाचणाऱ्याने सुरी घ्यायची आणि कडा कापत कापत वाचत जायचं. या प्रतीला सुरी लागलीच नव्हती. कुणीतरी ती पदरमोड करून सातासमुद्रापलीकडून मागवली, दाखलनोंद झाली, शिक्का बसला, आणि मग कुणी वाचली नाही. ग्रंथपालबाईंनी कपाटातून पोलादी पट्टी काढून दिली आणि म्हणाल्या, "वाचणार असाल तेवढंच कापा."

मी पहिली चाळीसेक पानं कापली. उदाहरणादाखल दिलेले प्राकृत शब्द कळत होते, त्यांच्याबद्दल तो गृहस्थ काय म्हणतोय ते मात्र कळत नव्हतं. सगळं लॅटिनमध्ये होतं. पट्टी परत केली.

आता 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढेही खाल्ले. दर्ज्यासाठी जो पुरावा मांडला गेला त्यात महाराष्ट्री प्राकृताचा, सातवाहनांचा आणि हाल राजाच्या गाथासप्तशतीचा वाटा मोठा आहे. त्याच महाराष्ट्रीवर युरोपात सुरुवातीला जे गंभीर काम झालं ते कोणत्या भाषेत आहे, हे आपण कधी पाहिलंय का? हेफरचा ग्रंथ 1836 चा, लॅटिनमध्ये. लासेन 1837, लॅटिनमध्ये. रिचर्ड पिशेलचं प्राकृत वैयाकरणांवरचं पुस्तक 1874 चं, तेही लॅटिनमध्ये. पिशेलचं थोरलं प्राकृत व्याकरण 1900 साली जर्मनमध्ये आलं आणि पुढे इंग्रजीत गेलं, म्हणून आपण पिशेल ओळखतो. त्याच्या आधीची माणसं आपल्याला तळटीपेतली नावं म्हणूनच माहीत आहेत.

संस्कृतचीही तीच गत. फ्रान्झ बोपने नलोपाख्यान 1819 मध्ये लंडनला छापलं, सोबत लॅटिन भाषांतर. श्लेगेलने 1823 मध्ये बॉनला गीता छापली, नागरी अक्षरांत संहिता आणि लॅटिनमध्ये अर्थ. फ्रीडरिश रोझेन ऋग्वेदाचं लॅटिन भाषांतर करत असताना 1837 मध्ये वारला, पस्तिशीही गाठली नव्हती. पहिल्या अष्टकाचं पुस्तक त्याच्या मागे, 1838 मध्ये निघालं. वेस्टरगार्ड या डॅनिश पंडिताचा संस्कृत धातूंचा कोश 1841 चा, आणि तो संपवून स्वारी मुंबईला येऊन लेण्यांतले शिलालेख उतरवत बसली होती. त्याही आधी, 1801 आणि 1802 मध्ये, आंकेतिल-द्युपेरोंने उपनिषदं लॅटिनमध्ये आणली. मूळ संस्कृतातून नव्हे, दारा शुकोहने 1657 मध्ये करवलेल्या फार्सी भाषांतरातून. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर ज्या उपनिषदांवर लट्टू झाला ती हीच, दोनदा गाळून आलेली. आपल्याकडे शोपेनहाउअरचं ते कौतुक प्रत्येक भाषणात निघतं. त्याने नेमकं काय वाचलं होतं हे तपासून पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हे सगळे लोक लॅटिनमध्ये का लिहीत होते? कारण साधं आहे. बर्लिनच्या माणसाचं कोपनहेगनच्या आणि पाविआच्या माणसाने वाचावं म्हणून. काशीच्या पंडिताने कांचीच्या पंडितासाठी संस्कृतात लिहावं, तसंच.

गोव्यातल्या सदस्यांसाठी वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगते. थॉमस स्टीफन्स, आपला फादर स्टीफन्स, 1579 मध्ये गोव्यात आला. 'हरळांमाजी रत्नकिळा' म्हणत मराठीची थोरवी गाणारं त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. शाळेत ती ओवी आपण सगळ्यांनी पाठ केली. पण या माणसाने 1583 मध्ये गोव्याहून आपल्या भावाला एक पत्र पाठवलं होतं. त्यात तो सांगतो की इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. विल्यम जोन्सने कोलकात्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या नात्याबद्दल ते गाजलेलं भाषण केलं 1786 साली. म्हणजे दोनशे वर्षं आधी गोव्यातल्या एका माणसाला कोकणी-मराठी ऐकता ऐकता तीच शंका आली होती. पत्र लॅटिनमध्ये आहे. आपण ते दुसऱ्याच्या इंग्रजीतून वाचतो, तेही दोन ओळी.

आणि 'होर्टुस मलाबारिकुस'. मलबारच्या वनस्पतींवरचा हा 12 खंडांचा लॅटिन ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. कोचीनचा डच सेनाधिकारी व्हान र्‍हेडे याने तो करवून घेतला. त्यात मदत करणारे इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणीभाषक वैद्यही होते. त्या तिघांनी 1675 मध्ये दिलेली ग्वाही नागरी लिपीत, कोकणीत, पुस्तकाच्या पहिल्या खंडात छापलेली आहे. ज्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच आपल्या माणसांचं हस्ताक्षर आहे, त्याचा पुढचा मजकूर आपल्याला परका. केरळच्या के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी उमेदीची कित्येक वर्षं त्याच्यापायी घालवली आणि केरळ विद्यापीठाने 2003 मध्ये त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं. एका माणसाने मनावर घेतलं म्हणून झालं. वनस्पतिशास्त्राच्या लोकांना तर हे जास्त कळेल. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायचा नियम 2011 च्या अखेरपर्यंत लागू होता. इंग्रजी चालायला लागली 1 जानेवारी 2012 पासून.

आता माझं स्वतःचं. पुढे मी संशोधनासाठी जर्मनीला गेले आणि इतिहास विभागात नाव घातलं. तिथल्या नियमावलीत एक ओळ होती: लॅटिनुम आवश्यक. लॅटिनुम म्हणजे लॅटिन वाचता येतं असा दाखला. तीन तासांचा पेपर, सिसेरो या रोमन वक्त्याच्या तोडीचा एक उतारा, हाताशी शब्दकोश. उतारा आपल्या भाषेत उतरवायचा, त्यांच्या दृष्टीने 'आपल्या' म्हणजे जर्मन, आणि नंतर तोंडी परीक्षा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर सकाळी आठ वाजता 'अमो, अमास, अमात' घोकायला बसले. बाहेर बर्फ. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं लांब जाऊन पाठांतरच करायचं होतं, तर इथे पाठशाळेत काय वाईट होतं?"

वाईट काहीच नव्हतं, उलट तेच कामाला आलं. म्हणूनच हे पत्र अभ्यासमंडळांना लिहिते आहे. लॅटिन शिकायला जगात सगळ्यात तयार विद्यार्थी कुठला असेल तर तो आपला संस्कृत घेतलेला विद्यार्थी, आणि त्यालाच ते शिकायची सोय नाही.

काय व्हायचं ते सांगते. आमच्या वर्गातल्या मुलांना नामं 'चालवायची' म्हणजे काय हेच पचायला महिना लागला. मला सहा विभक्त्या म्हणजे सुट्टीच वाटली, आणि द्विवचन तर नाहीच! अस्ति-सन्तिच्या जागी एस्ट-सुन्ट. दन्त म्हणजे देन्स, अग्नी म्हणजे इग्निस, विधवा म्हणजे विदुआ, नवा म्हणजे नोवुस. बैलाच्या मानेवरचं जू म्हणजे संस्कृत युग आणि लॅटिन युगुम. माझ्या आजोळी ते जू अजून गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं आहे. व्हर्जिलच्या महाकाव्याचे पहिले शब्द फळ्यावर लिहिले गेले: 'आर्म विरुम्‌क्वे कनो'. सरांनी विचारलं, या 'क्वे'चं काय करायचं? शब्दाला मागून चिकटणारा 'आणि' कुणाला कळेना. मी पाहत होते आणि मला सरळ 'वीरं च' दिसत होतं. 'विरुम्' म्हणजे वीरम्, 'क्वे' म्हणजे च, आणि तो च आपल्यासारखाच शब्दाच्या मागे उभा. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

वृत्ताचंही तसंच. षट्चरणी वृत्त म्हणजे सहा गण. प्रत्येक गण एकतर गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, नाहीतर दोन गुरू. ऱ्हस्व स्वरापुढे दोन व्यंजनं आली की ते अक्षर जड, हा नियम मुलं वहीत उतरवून घेत होती. पाणिनीने तो दोन शब्दांत सांगून ठेवलाय: संयोगे गुरु. जर्मन पोरं बोटांनी बाक वाजवत मात्रा मोजायची. मी भुजंगप्रयात आणि शार्दूलविक्रीडित म्हणत मोठी झालेली, मला कान होता.

आणि अन्वय! लॅटिन कवी विशेषण एका ओळीत टाकतो, विशेष्य दुसऱ्या ओळीच्या शेवटी ठेवतो आणि मधे क्रियापद लपवतो. सरांची शिकवण अशी की आधी क्रियापद शोधा, मग 'कोण' विचारा, मग 'काय', मग 'कुणाला'. हा तर खंडान्वय. आमच्या शाळेतल्या बाई कालिदास शिकवताना हेच करून घ्यायच्या. एकदा मी फळ्यावर जाऊन ओव्हिडच्या चार ओळींचा अन्वय लावून दाखवला. सर म्हणाले, ही पद्धत कुठली? मी म्हटलं, आमच्या गावची.

तरी सगळंच गोड नाही, आणि ते लपवलं तर तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. लॅटिनची पंचमी ही पंचमी, तृतीया आणि सप्तमी अशा तिघींचं काम एकटी करते, विनाअनुदानित कॉलेजातल्या मास्तरासारखी. संस्कृतचा विद्यार्थी तिथे पहिल्यांदा अडखळतो. सति सप्तमी ओळखीची असल्यामुळे 'उर्बे काप्टा', म्हणजे 'शहर जिंकलं असता', हे त्याला चटकन लागतं. पण दुसऱ्याचं बोलणं सांगायची वेळ आली की आपण 'इति' लावतो आणि मोकळे होतो. मराठीतही 'असं तो म्हणाला' एवढ्यावर भागतं. लॅटिनमध्ये तसं चालत नाही. कर्ता द्वितीयेत जातो, क्रियापदाचं रूप बदलतं, पोटवाक्यांतली क्रियापदं संशयार्थी होतात आणि पानभर तसंच चालू राहतं. सीझरची गॉलवरची टिपणं याने भरलेली आहेत. तिथे पाठशाळा उपयोगी पडली नाही. तिथे मी त्या एकोणीस वर्षांच्या मुलांच्या वह्या उसन्या घेतल्या. गांधीजी लंडनच्या मॅट्रिकला पहिल्या खेपेस लॅटिनमध्येच नापास झाले होते, ही गोष्ट त्या दिवसांत फार धीर द्यायची. पुढे रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधूनच वाचला आणि दक्षिण आफ्रिकेत तो उपयोगी पडला, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

व्याकरणाचा डोंगर चढल्यावर पलीकडे काय आहे? साहित्य आहे, आणि ते आपण समजतो तसं संगमरवरी नाही. परीक्षेला मला सिसेरोची व्हेरेसविरुद्धची भाषणं होती. इसवी सनापूर्वी 70. व्हेरेस हा सिसिलीचा सुभेदार. तीन वर्षांत त्याने शेतकऱ्यांच्या धान्यावर वाटेल तशी वसुली केली, देवळांतल्या मूर्ती उचलून घरी नेल्या, निकाल विकले. सिसेरोने गावोगाव फिरून साक्षीदार आणि वह्या गोळा केल्या आणि पहिल्याच सुनावणीत असा दणका दिला की व्हेरेस निकालाची वाट न पाहता मार्सेयला पळाला. उरलेली पाच भाषणं सिसेरोने कोर्टात केलीच नाहीत, केल्यासारखी लिहून प्रसिद्ध केली. शेजारचा मुलगा कंटाळून जांभया देत होता. मला मात्र आमच्या जिल्ह्याचं स्थानिक वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटत होतं. मापात खोट, पावतीवर वेगळा आकडा, साहेबाच्या बंगल्यावर पोचवलेलं धान्य. 'हे घडलं तेव्हा रोममध्ये कुणालाच माहीत नव्हतं का?' असं तो विचारतो तेव्हा सभेत बसलेल्यांच्या माना खाली गेलेल्या दिसतात.

आणि रोमन कवी कातुल्लुस. दोन ओळींची एक कविता आहे त्याची: द्वेषही करतो, प्रेमही करतो, का ते विचारशील तर ठाऊक नाही, पण होतंय खरं आणि तडफडतोय. मूळ चौदा शब्द, त्यांतली आठ क्रियापदं. विशेषण औषधालाही नाही. हालाच्या गाथांवर ज्याने रात्री काढल्या आहेत त्याला दोन ओळींत संसार उभा करणारी ही जात ओळखू येते. गाथासप्तशती आणि कातुल्लुस शेजारी शेजारी ठेवून शिकवणारा वर्ग जगात कुठे भरू शकेल? प्राकृत आणि लॅटिन दोन्ही एकाच इमारतीत असतील तिथेच. ती इमारत पुण्यात किंवा मुंबईत असायला काय हरकत आहे?

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती हा आपला अभिमानाचा विषय आहे. तिचे संपादक सुकथनकर यांनी बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली धडे घेतले आणि 1933 मध्ये आदिपर्वाची ती प्रस्तावना लिहिली. हस्तलिखितांची वंशावळ लावायची, चुकांवरून नातं ओळखायचं आणि अवघड पाठ सहसा जुना असतो हे धरून चालायचं. ही सगळी रीत मुळात ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांवर घासून तयार झाली होती. सुकथनकरांचं मोठेपण असं की महाभारताला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण इथे शाखा एकमेकींत मिसळल्या आहेत, हे त्यांनी ओळखलं आणि रीत वाकवली. पण कुठे वाकवली हे समजायला मूळ रीत माहीत हवी. आपल्याकडे पाठचिकित्सेच्या पेपरात ते लॅटिन पारिभाषिक शब्द विद्यार्थी पाठ करतात, देवनागरीत, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह.

जाता जाता आणखी एक साम्य. म्युनिचमध्ये 1894 पासून लॅटिनचा महाकोश चालू आहे, पहिला भाग 1900 मध्ये आला आणि अजून शेवटचं अक्षर आलेलं नाही. डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश 1948 मध्ये सुरू झाला, पहिला भाग 1976 मध्ये आला आणि अजून 'अ' संपायचा आहे. दोन्हीकडे चिठ्ठ्या सुमारे एक कोटी. या दोन घरांमध्ये चहापाण्याचे संबंध असायला हवेत. त्यासाठी एकमेकांची भाषा वाचता येणारी चार माणसं तरी लागतील ना?

आता तुमचे आक्षेप. मी काही बैठका बाहेरच्या बाकावर बसून ऐकल्या आहेत, म्हणून अंदाज आहे.

'विद्यार्थी येणार किती?' सहा. एखाद्या वर्षी नऊ. किमान वीसची अट या विषयापुरती शिथिल करावी लागेल, हे मी आत्ताच सांगते.

'लॅटिन तर तिकडेच मरतंय.' खरं आहे. प्रिन्स्टनने 2021 मध्ये अभिजात विद्येच्या पदवीसाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती काढली. ब्रिटिश सरकारने सरकारी शाळांसाठी काढलेली लॅटिनची योजना 2025 मध्ये पैसे थांबवून मध्येच गुंडाळली. त्यांचं ते पाहून घेतील. आपल्या कपाटातली लॅटिन पुस्तकं त्यांच्या निर्णयाने वाचून होणार नाहीत.

'साहेबाची भाषा कशाला?' साहेबाची नव्हतीच. साहेबही ती छड्या खाऊनच शिकला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या काही दशकांत संस्कृत, अरबी, हिब्रू यांच्याबरोबर लॅटिनही परीक्षेला घेता यायचं. तेव्हा ते प्रतिष्ठेसाठी होतं, आता गरजेसाठी मागते आहे. आणि परकेपणाचं म्हणाल तर सकाळचा पाव पोर्तुगिजांमार्फत लॅटिन 'पानिस'वरून आला. पगारही त्याच वाटेने, 'पाकारे'वरून. मूळ अर्थ 'शांत करणे'. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना ही व्युत्पत्ती ऐकवली तेव्हा कुणी शांत झालं नाही.

'यंत्र भाषांतर करून देतं की आता.' देतं, आणि बऱ्यापैकी देतं. लासेनच्या एका परिच्छेदावर मी करून पाहिलं. व्याकरणाचा लॅटिन शब्द आणि संस्कृत संज्ञा यांची गल्लत करून त्याने इतक्या आत्मविश्वासाने उलटा अर्थ दिला की लॅटिन येत नसतं तर मी तो निबंधात घातला असता.

'फार्सी, मोडी, पाली सोडून हे कशाला?' या आक्षेपावर मात्र मी हरते. मराठ्यांच्या इतिहासासाठी फार्सी आणि मोडी यांचा हक्क पहिला आहे. तुमच्याकडे एकच खोली आणि एकच जागा असेल तर ती फार्सीला द्या, मी तक्रार करणार नाही. पण गेल्या कित्येक वर्षांत ती खोली फार्सीलाही मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे लॅटिनला नाही म्हणताना फार्सीचं नाव घेऊ नये, एवढी विनंती.

'शिकवणार कोण?' याला उत्तर आहे. पुण्यात 1955 पासून पेपल सेमिनरी आहे, गोव्यात राशोलचं सेमिनरी त्याहून कितीतरी जुनं. लॅटिन हे धर्मगुरूंच्या शिक्षणाचा भाग राहत आलं आहे, म्हणून चांगलं लॅटिन येणारी माणसं आपल्या दोन्ही राज्यांत आहेत, काही निवृत्त आहेत. त्यांना नेट-सेट विचारू नका, मानधन द्या. वसईत माझ्या मैत्रिणीचे आजोबा होते, सातवी शिकलेले, बागायतदार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधीची लॅटिन मिस्सा त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ होती. अर्थ अर्धामुर्धा कळायचा, पण उच्चार असे की मला माझे जर्मन सर फिके वाटले. म्हणजे कानाची सोयही आहे. उच्चाराच्या वादात मात्र पडू नये. चर्चवाले 'चिचेरो' म्हणतील, जर्मन 'ट्सिट्सेरो', प्राचीन उच्चाराचे अभ्यासक 'किकेरो', आणि आपण इंग्रजीतून शिकलेले 'सिसेरो'. चारही चालवून घ्यावेत. सीझरचा तर आपण केव्हाच 'कैसर' करून घेतला, फार्सीच्या वाटेने, आणि तो उच्चार मूळच्या जास्त जवळ आहे.

अभ्यासक्रमाचा आराखडा दोन पानांत करून सोबत जोडला आहे. पहिलं सत्र व्याकरण, पण संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेतून. इंग्रजी शाळांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून नव्हे. ती पुस्तकं विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यातच निम्मी संपतात. दुसरं सत्र वाचन. थोडा सीझर, थोडा सिसेरो, कातुल्लुसच्या दहा कविता, व्हर्जिलचे शंभर चरण. मग स्टीफन्सचं पत्र, 'होर्टुस'मधली दोन झाडं आणि लासेनची दहा पानं. रोमन लेखक प्लिनीचा एक उताराही घातला आहे, भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो अशी ज्यात त्याची कुरकुर आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातली ब्रह्मपुरीची ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती पाहून आलेल्या मुलांना हा उतारा वेगळा वाचून दाखवावा लागत नाही. परीक्षा एकच: न पाहिलेला उतारा, शब्दकोशासह, मराठीत. इंग्रजीत नाही. लॅटिनमधून थेट मराठीत आलेलं आपल्याकडे किती आहे ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील असं मला वाटतं. चुकत असेन तर कृपया कळवावं, मनापासून आनंद होईल.

पहिलं वर्ष मी शिकवेन. सकाळी साडेसात ते साडेनऊ, आठवड्यातून दोन दिवस, कार्यालयाला कुलूप असतं त्या वेळात. किल्ली तेवढी रखवालदाराकडे ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी

सहपत्र: अभ्यासक्रमाचा आराखडा, दोन पानं.

ता. क. परतल्यावर त्या ग्रंथालयात जाऊन लासेन पुन्हा मागवला. मी कापलेली चाळीस पानं या खेपेस वाचली. महाराष्ट्रीबद्दल त्याची दोन मतं मला पटली नाहीत, आणि का पटली नाहीत हेही सांगता येत होतं. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या आहेत. पट्टी त्याच कपाटात आहे. पुढची पानं अजून जोडलेलीच आहेत.